माल्टाची ट्रिप कशी प्लॅन करायची: छोटं बेट आहे म्हणून दोन दिवसांत उरकू नका

माल्टाचा विचार करत असाल तर नकाशा बघून फसू नका. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मं, त्यामुळे बरेच जण इटलीच्या ट्रिपला दोन दिवस जोडतात, निळ्या पाण्याचे फोटो काढतात, एक रात्र सेंट ज्युलियन्सला काढतात आणि माल्टा झालं म्हणून परत. प्लीज असं करू नका. पिरॅमिडच्या आधीची दगडी मंदिरं, ऑटोमन तुर्कांच्या आरमाराला थोपवून धरलेले किल्ले, इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्योचं सगळ्यात मोठं चित्र, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी भाजून निघालेलं बंदर, हे सगळं तासाभराच्या बसप्रवासाच्या अंतरात आहे आणि प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो. निदान सात रात्री ठेवा, त्यातल्या दोन शेजारच्या गोझो बेटावर. पाचच रात्री मिळत असतील तर मधलं छोटं कोमिनो बेट गाळा, गोझो गाळू नका.

आता प्लॅनिंगची सुरुवात कुठून करायची, तर विमानाच्या तिकिटापासून नाही, हायपोजियमच्या तिकिटापासून. हाल सफ्लिएनी हायपोजियम म्हणजे जमिनीखाली खडक कोरून केलेली तीन मजली दफनभूमी, साधारण पाच-सहा हजार वर्षं जुनी, १९०२ मध्ये वर घरं बांधताना कामगारांना सापडली. अंदाजे ७,००० माणसांचे अवशेष तिथे होते असं मानतात. खाली उतरलात की दगडात कोरलेली मंदिराची दर्शनी भिंत दिसते, खांब, तुळया, सगळं वरच्या मंदिरांसारखं पण एकाच खडकातून, आणि छतावर गेरूने काढलेली लाल वेटोळी. तिथली हवा आणि तापमान सांभाळावं लागतं म्हणून एका वेळी फक्त १० माणसं सोडतात, फोटो अजिबात नाही, सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तिकिटं हेरिटेज माल्टा या तिथल्या सरकारी वारसा संस्थेच्या साइटवर मिळतात आणि सीझनला महिनोन् महिने आधी संपतात, म्हणून आधी तिथे कोणत्या तारखा शिल्लक आहेत ते बघायचं आणि त्याच्या आसपास बाकीची ट्रिप बसवायची. उलटं केलंत तर नव्वद टक्के वेळा हे राहून जातं आणि माल्टाला जाऊन हायपोजियम राहिलं याचं वाईट खरंच वाटतं. थोडी लास्ट मिनिट तिकिटं आदल्या दिवशी काउंटरवर महाग दराने देतात पण त्या भरवशावर अख्खं कुटुंब घेऊन जाऊ नका.

तारखा कोणत्या धरायच्या? शाळेतली मुलं असतील तर आपल्याला मे किंवा दिवाळी एवढेच पर्याय असतात, आणि सुदैवाने मे महिना तिथे फार छान असतो, ऊन आहे पण चालवतं, रानफुलं असतात, फक्त समुद्राचं पाणी अजून गार असतं. ज्यांना मुख्य पोहायचंच आहे त्यांनी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला अर्धा धरावा, उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा मस्त कोमट असतं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर एखादा वादळी पावसाचा दिवस येऊ शकतो, त्या दिवसासाठी म्युझियम राखून ठेवा. जुलै-ऑगस्टला मात्र मी कुणालाच जा म्हणणार नाही, मंदिरांच्या उघड्या माळावर दुपारी सावली नसते, बस गच्च भरलेल्या असतात, आणि हॉटेलचे दर चढलेले. अपवाद एकच, गावोगावच्या फेस्टा बघायची हौस असेल तर. उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक वीकेंडला कुठल्या ना कुठल्या गावात तिथल्या संताचा उत्सव असतो, बँडवाले, रस्त्यावर टांगलेले रेशमी पडदे, खांद्यावरून निघालेली मूर्ती आणि रात्री जोरदार फटाके, आपल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. १५ ऑगस्टला सान्ता मारिया, तेव्हा एकाच दिवशी बऱ्याच गावांत असतं.

व्हिसा शेंगेन लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावा लागतो, पण १५ दिवसांवर ठेवूच नका, मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा कारण आपल्याकडे सगळे एकदमच अर्ज करतात. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेल बुकिंग, आणि दिवसवार प्लॅन असलेलं एक साधं सरळ कव्हर लेटर. एक नियम लक्षात ठेवा, जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, त्यामुळे माल्टा पाच रात्री आणि सिसिली सात रात्री असेल तर अर्ज इटलीकडे जातो. सिसिली जोडायची कल्पना चांगलीच आहे तसं, तिथल्या पोत्सालोहून फास्ट फेरी पावणेदोन तासांत माल्टाच्या राजधानीला, वॅलेटाला येते, पण समुद्र खवळला की ती रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी ती ठेवू नका.

भारतातून थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून बदलून जायचं. दोन वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवण्यापेक्षा सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या, पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय एअरलाइनची जबाबदारी राहते.

राहायचं कुठे यावर लोक फार वेळ घालवतात, माझं मत सरळ आहे. पहिल्यांदा जात असाल आणि इतिहासासाठी जात असाल तर वॅलेटा किंवा समोरच्या काठावरचं बिर्गू. दिवसाची क्रूझवाली गर्दी संध्याकाळी निघून गेली की वॅलेटाच्या गल्ल्या मोकळ्या होतात, पिवळ्या दगडाच्या भिंती, रंगीत लाकडी बंद सज्जे, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, हे तिथे राहिल्याशिवाय मिळत नाही. फक्त जुन्या घरांत लिफ्ट नसते बऱ्याचदा, आईबाबा सोबत असतील तर बुक करताना कितवा मजला ते विचारा. बजेट कमी असेल तर स्लीमा किंवा ग्झिरा, तिथून फेरीने काही मिनिटांत वॅलेटा, आणि खालीच इंडियन किराणा आणि रेस्टॉरंटं. पाचेव्हिल हा भाग क्लब-पबचा, पहाटेपर्यंत आवाज चालू, लहान मुलं असतील तर तिथे घेऊ नका.

फिरायला बस. रेल्वे होती एकेकाळी पण १९३१ मध्ये बंद झाली, आता सगळा भार बसवर. एक तिकीट साधारण अडीच युरो आणि दोन तास चालतं, म्हणजे तेवढ्यात बस बदलली तरी परत पैसे नाहीत, रोज फिरणार असाल तर सात दिवसांचं एक्सप्लोर कार्ड घ्या. स्थानिक लोकांना २०२२ पासून बस फुकट आहे त्यामुळे गर्दी खूप असते, भरलेली बस स्टॉपवर थांबत नाही, आणि जागा असली तरी तुम्ही हात दाखवला नाहीत तर ती निघून जाते, मग अर्धा तास उन्हात. म्हणून लांबचं ठिकाण सकाळीच करा आणि शक्यतो वॅलेटाच्या मुख्य स्टँडवरून बसा जिथे बस रिकामी सुरू होते. स्टॉपची नावं वाचताना एवढं लक्षात ठेवा की त्यांच्याकडे एक्स हे अक्षर श म्हणतात, म्हणजे Marsaxlokk लिहिलेलं असेल तर ते मार्साश्लॉक. इंग्लिश सगळ्यांना येतं, ती तिथली अधिकृत भाषाच आहे माल्टीजसोबत, आणि हल्ली बसचा ड्रायव्हर भारतातला निघायची शक्यता बरीच असते.

गाडी भाड्याने घ्यायची का? आपल्यासारखीच डावीकडून चालवतात म्हणून मोह होतो, पण मुख्य बेटावर ट्रॅफिक आणि पार्किंग दोन्ही वाईट आहे. गोझोवर दोन दिवस घ्या, तिथे खरा उपयोग होतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून आधीच काढून न्या.

आता बघायचं काय आणि कशा क्रमाने, कारण इथे क्रमाला फार महत्त्व आहे. मी तर म्हणेन काळाच्या क्रमाने बघा. पहिल्या सकाळी वॅलेटातल्या पुरातत्त्व म्युझियमला जा, रिपब्लिक स्ट्रीटवरच आहे. हायपोजियममध्ये सापडलेली ती झोपलेल्या बाईची मातीची मूर्ती तिथे आहे, तळहातावर मावेल एवढी, एका कुशीवर, डोक्याखाली हात, आणि झगा गुडघ्याखाली किती बारकाईने दाखवलाय ते वाकून बघा. मंदिरांतल्या मूळ कोरीव शिळाही तिथेच आणून ठेवल्यात. हे बघून मग हाजर ईम आणि इम्नायद्राला गेलात की ते दगड नुसते दगड वाटत नाहीत. दोन्ही मंदिरं समुद्राकडे उतरणाऱ्या माळावर शेजारी शेजारी आहेत, ऊन-पावसाने झिजू नयेत म्हणून २००९ पासून वर मोठे तंबू घातलेत. इम्नायद्राच्या दक्षिणेकडच्या मंदिरात २१ मार्च आणि २२ सप्टेंबरच्या सुमाराला उगवत्या सूर्याचा किरण थेट मधल्या दारातून आत जातो. त्याच बाजूला ब्लू ग्रोटो आहे, छोट्या बोटीने गुहांत नेतात, पण वारा असेल तर बंद, सकाळीच चौकशी करून निघा. हेरिटेज माल्टाचा मल्टिसाइट पास घेतला तर हे म्युझियम आणि ही मंदिरं त्यात येतात, हायपोजियम मात्र येत नाही.

पुढचा दिवस इम्दिना आणि रबात. इम्दिना जुनी राजधानी, तटबंदीच्या आत वस्ती तीनशेच्याही आत, बाहेरच्या गाड्यांना मज्जाव. दुपारी चारनंतर जा, टूरच्या बस गेलेल्या असतात. शेजारच्या रबातला सेंट पॉलची कॅटाकोम्ब्ज, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या दफनगुहा, आधी उरका. वाटेत मोस्टाला उतरा, तिथल्या चर्चचा घुमट बघण्यासारखाच आहे पण गोष्ट त्याहून मोठी आहे, ९ एप्रिल १९४२ ला प्रार्थनेसाठी अडीचशेच्या वर माणसं आत जमलेली असताना एक जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. तशाच बॉम्बची प्रतिकृती आत ठेवलीये.

मग वॅलेटाचे दोन दिवस, आणि हा ट्रिपचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर. सुरुवात वॅलेटात करू नका, पलीकडच्या बिर्गूत करा. सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांचा एक पंथ, १५३० मध्ये माल्टात आले, सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना हे बेट दिलं आणि बदल्यात वर्षाला एक ससाणा एवढाच खंड. ते राहिले बिर्गूत, तेव्हा वॅलेटा नव्हतंच, नुसता उघडा डोंगर आणि टोकाला सेंट एल्मोचा किल्ला. १५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन आरमार आलं, तीस-चाळीस हजारांचं सैन्य, समोर काही शे नाइट्स आणि काही हजार माल्टीज. सेंट एल्मो २३ जूनला पडला पण जवळपास महिनाभर लढून पडला, आणि त्या महिन्यानेच बाकीचं वाचलं, सप्टेंबरमध्ये वेढा उठला. हे सगळं बिर्गूतल्या सेंट अँजेलो किल्ल्याच्या तटावर उभं राहून समजून घ्या, समोर पाण्यापलीकडे सेंट एल्मो दिसतो, नाइट्सचा प्रमुख ग्रँड मास्टर द वॅलेट याला तो पडताना इथूनच दिसत होता. ते बघितल्यावर दायसा नावाच्या छोट्या होडीने दोन-तीन युरोत बंदर ओलांडून वॅलेटात या, म्हणजे १५६६ मध्ये त्या उघड्या डोंगरावर नवीन शहर का वसवलं ते वेगळं सांगावं लागत नाही. वर जायला बाराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर, चढ वाचतो. दुपारी बाराला आणि चारला अप्पर बाराक्का बागेखालच्या तोफा उडवतात, पंधरा मिनिटं आधी कठड्याजवळ जागा धरा.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं आहे आणि आत गेल्यावर डोळे दिपतात, जमीनभर सुमारे चारशे संगमरवरी थडगी, रंगीत दगडांची नक्षी, म्हणून टोकदार हील्स घालून आत सोडत नाहीत, खांदेही झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना बंद. ऑडिओ गाइड तिकिटातच आहे, पण माझी विनंती, आधी सरळ ऑरेटरीत, म्हणजे बाजूच्या प्रार्थनेच्या दालनात जा, गर्दी व्हायच्या आत. तिथे कॅराव्हॅज्योचं १६०८ चं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, पाच मीटरपेक्षा रुंद. उजवीकडचा जवळपास अर्धा कॅनव्हास नुसती अंधारी भिंत, तिथे गजाआडून दोन कैदी बघतायत, डावीकडे सगळी माणसं एका घोळक्यात, तुरुंगाधिकारी बोट दाखवून शिर कुठे टाकायचं सांगतोय, म्हातारी डोकं धरून उभी, मारेकरी सुरा काढायला कमरेमागे हात नेतोय. आणि खाली मानेतून वाहिलेल्या रक्तात चित्रकाराची सही. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी त्याला इथे नाइट केलं, मग मारामारीत अडकून तो सेंट अँजेलोत कैद झाला आणि तिथून पळाला. घाई न करता तिथल्या बाकावर बसून बघा.

युद्धाच्या इतिहासात रस असेल तर लास्कारिस वॉर रूम्स सोडू नका, १९४३ मध्ये सिसिलीवरच्या स्वारीची सूत्रं या भुयारांतून हलवली. १९४२ मध्ये बेट उपासमारीच्या टोकाला आलेलं असताना १५ ऑगस्टला ओहायो नावाचा तेलाचा टँकर दोन्ही बाजूंनी युद्धनौकांना बांधून या बंदरात कसाबसा आणला होता, म्हणून सान्ता मारियाचा दिवस त्यांना आजही दुप्पट मोठा. आपलाही धागा आहे इथे. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक जहाजांनी मुंबईहून माल्टाला नेले, त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. आणि पिएताच्या लष्करी स्मशानभूमीत पहिल्या महायुद्धात इथे वारलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, वॅलेटापासून बसने थोडंच अंतर, एखादी सकाळ काढून जाऊन या, तिथे फारसं कुणी जात नाही.

गोझोला जायला चिरकेवाहून फेरी, २५ मिनिटं, दिवसरात्र चालू. जाताना पैसे घेत नाहीत, परत येताना घेतात. वॅलेटाहून थेट फास्ट फेरीपण आहे, पाऊण तास. लोक गोझो एका दिवसात करतात आणि जीप टूरमध्ये सगळं धावत बघतात, दोन रात्री राहिलात तर मात्र वेगळाच अनुभव मिळतो. जगन्तियाची मंदिरं इसवी सन पूर्व ३६०० च्या सुमाराची, त्यांचे दगड बघून राक्षसिणीने बांधली अशी गोष्ट तिथे सांगतात. गोझोचं मुख्य गाव व्हिक्टोरिया, तिथला सितादेल किल्ला संध्याकाळी चढा, तटावरून अख्खं बेट दिसतं, आणि १५५१ मध्ये याच तटाच्या आतून जवळपास सगळी वस्ती, पाचेक हजार माणसं, गुलाम म्हणून नेली होती हे माहीत असेल तर ते रिकामे कोपरे वेगळे दिसतात. श्वेनीची मिठागरं, रामला बेची लालसर वाळू, दोन्ही छान. अझूर विंडोचे फोटो इंटरनेटवर अजून फिरतात पण ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, त्यासाठी ड्वेराला जाऊ नका, मात्र पोहण्यासाठी आणि खडकांसाठी जरूर जा.

कोमिनोच्या ब्लू लगूनला २०२५ पासून आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, फुकट आहे, पण बोटीच्या तिकिटाआधी तो बघा. मार्साश्लॉक या मच्छीमार गावाचा रविवारचा बाजार सकाळी नऊच्या आत, डोळे रंगवलेल्या लुत्सू होड्या तेव्हाच नीट बघता येतात.

खाण्याचं. पास्तित्सी म्हणजे आपल्या खारीसारख्या पापुद्र्यांची गरम करंजी, आत रिकोटा चीज किंवा मसालेदार वाटाणा, एका युरोच्या आसपास, आणि रबातच्या छोट्या दुकानांत उभ्याने खायची मजा आहे. पक्के शाकाहारी असाल तर पीठ लार्डमध्ये (डुकराच्या चरबीत) मळलंय का ते विचारा, काही ठिकाणी मळतात. बिगिल्ला म्हणजे सुक्या घेवड्यासारख्या कडधान्याचा लसणीचा डिप, कापुनाता म्हणजे वांगं-टोमॅटोची थंड भाजी, दोन्ही निर्धास्त. फ्तिरा म्हणजे तिथला चपटा गोल पाव, मागवताना ट्यूना नको असं सांगा, नाहीतर येतोच. खजूर भरून तळलेले इम्कारेत वॅलेटाच्या स्टँडजवळ गरम मिळतात. मांसाहारी असाल तर ससा तिथला राष्ट्रीय पदार्थच समजा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लाम्पुकी मासा. किन्नी नावाचं कडू संत्र्याचं कोल्ड्रिंक एकदा तरी घ्या. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, पिता येतं, पण चव खारट लागते, बहुतेक जण बाटलीचं घेतात.

सामानात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश अॅडॉप्टर ठेवा, युरोपातला गोल पिनांचा चालत नाही. टोपी, पाण्याची बाटली, कॅथेड्रलसाठी ओढणी किंवा पातळ शर्ट. आणि बूट चांगल्या ग्रिपचेच घ्या, वॅलेटाच्या पायऱ्या आणि गल्ल्यांतले दगड शेकडो वर्षं पाय पडून गुळगुळीत झालेत, थोडा पाऊस पडला तरी घसरतात, आणि तुम्ही रोज तिथे चालणार आहात.